तादाओ यानाइहारा आणि वसाहतनीतीचे अध्यासन

टोकियो इंपीरियल विद्यापीठातील वसाहतनीतीचे अध्यासन हे साम्राज्याच्या गरजेतून जन्मास आले होते. १८९५ मध्ये तैवान व १९१० मध्ये कोरिया जपानच्या अंमलाखाली आला. या प्रदेशांच्या कारभाराचे शास्त्र त्या अध्यासनावरून शिकविले जाई. तेथील प्राध्यापक इनाझो नितोबे यांनी स्वतः तैवानातील साखरधंद्याच्या सुधारणेची योजना आखली होती. ते राष्ट्रसंघाच्या कार्यासाठी गेल्यावर १९२० मध्ये त्यांचेच शिष्य तादाओ यानाइहारा (१८९३–१९६१) यांची त्या जागी नेमणूक झाली. १९१७ मध्ये पदवी घेतल्यानंतर यानाइहारा यांनी सुमितोमोच्या बेश्शी येथील तांब्याच्या खाणीत नोकरी केली होती. नेमणुकीनंतर युरोपात अध्ययन करून ते परतले आणि १९२३ मध्ये प्राध्यापक झाले. राज्यसंस्थेने आपल्या सोयीसाठी निर्माण केलेल्या अध्यासनावरून तिच्याच कृतीची चिकित्सा करता येते काय, हा त्यांच्या कारकीर्दीतील मध्यवर्ती प्रश्न होय.

१९२७ मध्ये त्यांनी तैवानचा दौरा केला व १९२९ मध्ये ‘साम्राज्यवादाखालील तैवान’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीची मोजणी, वजनमापांचे व चलनाचे एकीकरण या सुधारणांकडे तोपर्यंत कार्यक्षम प्रशासनाची फलश्रुती म्हणून पाहिले जाई. यानाइहारा यांनी दाखवून दिले की, या सुधारणांनी जपानी भांडवलाचा मार्ग मोकळा केला. जमिनीची मालकी निश्चित झाली, म्हणून ती खरेदी करणे सुरक्षित झाले. पुढे प्रत्येक साखर कारखान्यास ठराविक क्षेत्र नेमून देण्यात आले. त्या क्षेत्रातील ऊस अन्य कारखान्यास विकण्याची शेतकऱ्यास मुभा नव्हती, आणि भाव कंपनी ठरवी. म्हणजे खरेदीदारांतील स्पर्धा बाजाराने नव्हे, तर सरकारी नियमाने नष्ट केली. आर्थिक एकीकरण होत असताना तैवानी प्रजेला राजकीय प्रतिनिधित्व मात्र नव्हते, या विसंगतीवरही त्यांनी बोट ठेवले. ज्या बेटाविषयी हा ग्रंथ होता, तेथेच त्याच्या प्रवेशास बंदी झाली.

याच दृष्टीने त्यांनी मांचुरिया, दक्षिण समुद्रातील बेटे आणि भारत यांचा अभ्यास केला. ‘साम्राज्यवादाखालील भारत’ हा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी त्यांच्या अध्यापनात खंड पडला. जुलैत चीनशी युद्ध पेटल्यावर सप्टेंबरच्या ‘चुओ कोरोन’ मासिकात त्यांनी राष्ट्राच्या आदर्शावर लेख लिहिला. राष्ट्राचा आदर्श न्याय हा असून सरकारच्या धोरणाची पारख त्यावरूनच केली पाहिजे, असा त्याचा आशय होता. तो लेख संपूर्ण वगळावा लागला. येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांच्याविरुद्धचा आक्षेप विद्याशाखेच्या सभेतही उपस्थित झाला, आणि तो उपस्थित करणारे खुद्द विद्याशाखाप्रमुख होते. डिसेंबरमध्ये यानाइहारा यांनी राजीनामा दिला. पण तेवढ्याने विद्याशाखा सुरक्षित राहिली नाही. १९३८ मध्ये ह्योए ओउची प्रभृतींना अटक झाली. १९३९ मध्ये तर यानाइहारा यांच्यावर आक्षेप घेणारे सेइबी हिजिकाता यांनाही कुलगुरूंच्या कारवाईमुळे विद्यापीठ सोडावे लागले.

युद्धसमाप्तीनंतर १९४५ मध्ये यानाइहारा परतले, तेव्हा साम्राज्यच उरले नव्हते. त्यांच्या विषयाचे रूपांतर आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रात झाले. १९५१ ते १९५७ या काळात ते टोकियो विद्यापीठाचे कुलगुरू होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये विद्यापीठाच्या आवारातील एका नाट्यप्रयोगास साध्या वेषातील पोलीस बसलेले विद्यार्थ्यांनी ओळखले, त्यांना अडविले, व त्यांच्या टिपणवह्यांवरून पाळतीचा प्रकार उघडकीस आला. यानाइहारा यांनी विद्यापीठाच्या स्वायत्ततेची बाजू उचलून धरली. परंतु विद्यार्थ्यांच्या संपांनाही त्यांनी तितक्याच कठोरपणे मनाई केली. यावरून त्यांच्यावर टीका झाली. तथापि अध्यापनाचे कार्य बाह्य दडपणाने थांबू नये, मग ते दडपण कोणत्याही बाजूचे असो, ही एकच भूमिका दोन्ही प्रसंगी दिसते.

या कारकीर्दीतून निघणारा निष्कर्ष केवळ व्यक्तिगत धैर्याचा नाही. अध्यासनाची स्थापना कोणत्या हेतूने झाली, यावरून तेथील संशोधनाची दिशा ठरतेच असे नाही. मात्र ते संशोधन टिकेल की नाही, हे सरकारइतकेच सहकाऱ्यांवरही अवलंबून असते. १९३७ मध्ये सरकारचा रोष अनपेक्षित नव्हता. विद्याशाखेने त्यापुढे मान तुकविली, हीच त्या वर्षाची खरी हानी होय.