हेली विकनहायझर

हेली विकनहायझर (जन्म: १२ ऑगस्ट १९७८, शॉनव्हन, सस्कॅचवान प्रांत, कॅनडा) ह्या कॅनडाच्या माजी आइस हॉकीपटू, डॉक्टर आणि क्रीडा प्रशासक आहेत. १९९४ ते २०१७ अशी २३ वर्षे त्या कॅनडाच्या महिला राष्ट्रीय संघात होत्या. या काळात २७६ सामन्यांत त्यांनी १६८ गोल केले आणि २११ गोलांना साहाय्य केले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी चार सुवर्ण व एक रौप्य अशी पाच पदके मिळवली. पुरुषांच्या व्यावसायिक आइस हॉकीत गोल करणारी पहिली महिला म्हणूनही त्यांची नोंद आहे. मात्र ज्या काळात त्या जगातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून ओळखल्या जात, त्या साऱ्या काळात महिलांना उदरनिर्वाहापुरते वेतन देणारी एकही साखळी स्पर्धा त्यांच्या देशात नव्हती. पुरुषांच्या संघात खेळण्याचा त्यांचा निर्णय या वस्तुस्थितीच्या संदर्भातच समजून घ्यावा लागतो.

खेळाचे स्वरूप

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते. कॅनडात मात्र नुसते 'हॉकी' म्हटले तरी बर्फावरचा खेळच अभिप्रेत असतो. या खेळात पायांत पाते बसवलेले बूट (स्केट) घालून, चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती (पक) काठीने खेळवली जाते. गोलरक्षकासह प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. २० मिनिटांचा एक असे तीन डाव होतात. नियमभंग करणाऱ्या खेळाडूला साधारणतः दोन मिनिटे बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. गोल आणि गोलसाहाय्य यांची बेरीज म्हणजे खेळाडूचे 'गुण'. पुरुषांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला अंगाने जोरदार धडक देऊन चकती काढून घेणे नियमात बसते. महिलांच्या खेळात विकनहायझर यांच्या काळी अशा धडकेला मनाई होती. हा फरक पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावा.

बालपण

शॉनव्हन हे सस्कॅचवानच्या गवताळ प्रदेशातील एक लहानसे गाव आहे. वडिलांनी घराच्या परसात पाणी गोठवून तयार केलेल्या बर्फावर हेली खेळायला शिकल्या. खेळ घराण्यातच होता. त्यांचे नातलग डग विकनहायझर यांची १९८० साली 'माँट्रियल कॅनेडियन्स' या प्रख्यात संघाने नवोदितांतून सर्वप्रथम निवड केली होती. मुलींचे संघ जवळपास नसल्यामुळे हेली यांना अनेक वर्षे मुलांच्या संघांतून खेळावे लागले. पुढे कुटुंब आल्बर्टा प्रांतातील कॅल्गरी शहरात स्थायिक झाले. १९९१ च्या कॅनडा हिवाळी क्रीडास्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींच्या अंतिम सामन्यात आल्बर्टासाठी विजयी गोल त्यांनीच केला. तेव्हा त्यांचे वय अवघे १२ होते.

राष्ट्रीय संघ

१९९४ साली अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्या पहिल्यांदा कॅनडाकडून खेळल्या. वय होते १५. त्या स्पर्धेत कॅनडाने सुवर्णपदक मिळवले. पुढे १९९७, १९९९, २०००, २००४, २००७ आणि २०१२ या वर्षांची जागतिक सुवर्णपदकेही त्यांच्या नावावर जमा झाली. याशिवाय सहा रौप्यपदके आहेत. सामान्यतः मध्य आघाडीला आणि २२ क्रमांकाचा पोशाख घालून त्या खेळत. वेग, अंगबळ आणि चकती नेमक्या क्षणी सहकाऱ्याकडे सोडण्याची हातोटी या तिन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या. ऑलिंपिकमधील २६ सामन्यांत त्यांचे १८ गोल आणि ३३ साहाय्ये आहेत. साहाय्यांचा हा मोठा आकडा त्यांच्या खेळाचा पिंड दाखवतो. गोलांच्याच संख्येवरून त्यांना जोखणे अपुरे ठरेल.

महिलांच्या आइस हॉकीला ऑलिंपिकमध्ये १९९८ साली नागानो येथे प्रथम स्थान मिळाले. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरवले. हा पराभव कॅनडात फार जिव्हारी लागला. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकपूर्वी झालेल्या आठही सराव सामन्यांत अमेरिकाच जिंकली होती, त्यामुळे कॅनडाच्या संघाकडून कोणाला फारशी आशा नव्हती. अंतिम सामन्यात पंचांनी कॅनडाला लागोपाठ आठ वेळा दंड दिला. म्हणजे बराच काळ संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळत होता. तरीही कॅनडाने ३-२ असा विजय मिळवला. संघाचा दुसरा गोल विकनहायझर यांचा होता आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही त्यांनाच मिळाला. अमेरिकी खेळाडूंनी आपल्या खोलीत कॅनडाचा ध्वज जमिनीवर अंथरला होता, असे त्या सामन्यानंतर म्हणाल्या. अमेरिकी संघाने ते साफ नाकारले आणि ही गोष्ट पुढे कधी सिद्ध झाली नाही. विजयाच्या क्षणी तोंडून गेलेल्या या विधानाची चर्चा मात्र बराच काळ चालली.

२००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये पाच सामन्यांत १७ गुण मिळवून त्या पुन्हा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. अंतिम सामन्यात कॅनडाने स्वीडनला ४-१ असे नमवले.

२०१० चे ऑलिंपिक मायदेशी, व्हँकुव्हरला झाले. उद्घाटन सोहळ्यात सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान विकनहायझर यांना मिळाला. संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. कॅनडाने स्लोव्हाकियावर १८-० असा विजय मिळवल्यावर, इतका एकतर्फी खेळ ऑलिंपिकमध्ये असावा का, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. इतर देशांनी प्रगती केली नाही तर हा खेळ असाच चालू ठेवता येणार नाही, अशा आशयाचा इशारा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष जाक रॉग यांनी दिला. येथे हे नमूद केले पाहिजे की १९२४ च्या शामोनी येथील स्पर्धेत कॅनडाच्या पुरुषांनी चेकोस्लोव्हाकियाला ३०-० आणि स्वित्झर्लंडला ३३-० असे हरवले होते, आणि पुरुषांची हॉकी त्यानंतरही ऑलिंपिकमध्ये कायम राहिली. व्हँकुव्हरचा अंतिम सामना कॅनडाने अमेरिकेविरुद्ध २-० असा जिंकला. दोन्ही गोल तरुण मारी-फिलिप पूलँ यांनी केले.

२०१४ साली सोची येथे उद्घाटनाच्या संचलनात विकनहायझर कॅनडाच्या ध्वजवाहक होत्या. तेथील अंतिम सामना महिला आइस हॉकीतील सर्वाधिक थरारक सामन्यांपैकी एक गणला जातो. सुमारे साडेतीन मिनिटे उरली असताना अमेरिका २-० अशी पुढे होती. कॅनडाने एक गोल फेडला आणि मग गोलरक्षकाला बाहेर बोलावून एक जादा आक्रमक खेळाडू उतरवला. अमेरिकेने दुरून मारलेली चकती मोकळ्या जाळ्याच्या खांबाला लागून परतली. शेवटचे ५५ सेकंद उरले असताना पूलँ यांनी बरोबरी साधली. जादा वेळेत विकनहायझर चकती घेऊन एकट्याच अमेरिकी गोलकडे झेपावल्या असता त्यांना पाठीमागून पाडण्यात आले. त्याबद्दल मिळालेल्या दंडकाळात पूलँ यांनी विजयी गोल केला. विकनहायझर, जेना हेफर्ड आणि कॅरोलिन वेलेट या तिघींचे हे लागोपाठ चौथे ऑलिंपिक सुवर्णपदक होते.

या मधल्या काळात, २००० साली, त्यांनी सिडनीच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या सॉफ्टबॉल संघातूनही भाग घेतला होता.

व्यावसायिक कारकीर्द

राष्ट्रीय संघातील खेळाडूंना कॅनडाच्या सरकारकडून मासिक क्रीडाभत्ता मिळे. एडमंटन व कॅल्गरी येथील ज्या महिला संघांतून विकनहायझर खेळल्या, तेथे मात्र वेतन असे नव्हतेच. शिवाय राष्ट्रीय संघाचे सामने वर्षात मोजकेच असत. त्यामुळे नियमित आणि तोलामोलाचे सामने मिळवायचे तर पुरुषांच्या संघांकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९९८ आणि १९९९ मध्ये 'फिलाडेल्फिया फ्लायर्स' या संघाचे व्यवस्थापक बॉबी क्लार्क यांनी त्यांना नवोदितांच्या शिबिरात बोलावले. त्यापूर्वी १९९२ साली मॅनाँ रेओम यांनी 'टॅम्पा बे लाइटनिंग'च्या सराव सामन्यात गोलरक्षण केले होते. पण गोलरक्षकाला धडका सोसाव्या लागत नाहीत. आघाडीच्या खेळाडूची ती सुटका नसते.

२००२ साली इटलीतील एका पुरुष संघात खेळण्याचा त्यांचा प्रयत्न, तेथील महासंघाने महिलांना परवानगी नाकारल्यामुळे फसला. फिनलंडमध्येही प्रथम विरोध झाला. अखेर तेथील महासंघाने मतदान घेऊन अनुमती दिली. जानेवारी २००३ मध्ये त्या 'किर्कोनुम्मी सालामात' या संघात दाखल झाल्या आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी त्यांनी पहिला गोल नोंदवला. त्या हंगामातील २३ सामन्यांत त्यांचे दोन गोल आणि दहा साहाय्ये आहेत. ही साखळी फिनलंडमधील तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे पूर्ण व्यावसायिक नव्हे तर अर्धव्यावसायिक होती, हे विसरता कामा नये. विक्रमाचा उल्लेख करताना हा तपशील बहुधा गाळला जातो. तो सांगितल्याने विक्रमाला उणेपणा येत नाही. धडका देणाऱ्या, वजनाने कितीतरी भारी अशा पुरुषांमध्ये त्यांनी पूर्ण हंगाम आपली जागा टिकवली होती. संघाला दुसऱ्या श्रेणीत बढती मिळाल्यावर मात्र खेळ अधिक कठीण झाला. बर्फावर उतरण्याची संधी कमी होत गेली आणि दहा सामन्यांनंतर त्या संघातून बाहेर पडल्या. २००८-०९ मध्ये स्वीडनमधील एस्किल्स्तूना येथील 'लिंडेन' या तिसऱ्या श्रेणीच्या पुरुष संघातूनही त्या खेळल्या.

२०१० पासून त्यांनी कॅल्गरी विद्यापीठाच्या 'डायनोज' या महिला संघाचे प्रतिनिधित्व केले. चार ऑलिंपिक खेळून आलेली तिशीतली खेळाडू १८-१९ वर्षांच्या विद्यार्थिनींबरोबर खेळते, हे दृश्य विरळाच. त्या संघाने २०१२ साली राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेतेपद मिळवले. २०१६ मध्ये 'कॅल्गरी इन्फर्नो' संघाबरोबर त्यांनी कॅनेडियन महिला हॉकी लीगचा क्लार्कसन चषक जिंकला. ही लीग २००७ पासून चालू होती. खेळाडूंना मानधन देण्यास तिने २०१७-१८ च्या हंगामात प्रारंभ केला. तेही हंगामाला २,००० ते १०,००० कॅनेडियन डॉलर इतकेच. विकनहायझर जानेवारी २०१७ मध्येच निवृत्त झाल्या होत्या. २०१९ साली आर्थिक अडचणींमुळे ही लीग बंद पडली.

महिलांच्या 'प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग'चा पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी टोरांटो येथे झाला. किमान वार्षिक वेतन ३५,००० अमेरिकी डॉलर, आणि प्रत्येक संघातील किमान सहा खेळाडूंना ८०,००० डॉलर वा अधिक, अशी तरतूद २०२४ मध्ये तिच्या करारात होती. या लीगच्या हॉकीविषयक कारभाराची धुरा विकनहायझर यांच्या सहकारी जेना हेफर्ड यांच्याकडे सोपवण्यात आली. पूलँ यांना या लीगमध्ये खेळता आले.

वैद्यक आणि प्रशासन

निवृत्तीनंतर विकनहायझर यांनी कॅल्गरी विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि २०२१ साली त्या डॉक्टर झाल्या. शिक्षण चालू असतानाच, ऑगस्ट २०१८ मध्ये, 'टोरांटो मेपल लीफ्स' या पुरुष संघाने खेळाडूंच्या जडणघडणीच्या कामासाठी त्यांची नेमणूक केली. २०२२ मध्ये त्या याच संघाच्या साहाय्यक महाव्यवस्थापक झाल्या.

२०१४ साली त्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून आल्या. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरत असताना समिती टोकियो ऑलिंपिक ठरल्या वेळी घेण्याचा आग्रह धरत होती. ही भूमिका असंवेदनशील आणि बेजबाबदार आहे, असे विकनहायझर यांनी जाहीरपणे म्हटले. आयोगावर असताना समितीवरच केलेली ही टीका समितीला रुचणारी नव्हती. सुमारे आठवड्याभरात स्पर्धा पुढे ढकलण्यात आली.

लडाखशी संबंध

भारताचा महिला आइस हॉकी संघ प्रामुख्याने लडाखमधील मुलींचा आहे. २०१६ साली तो आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम उतरला. नैसर्गिक थंडीने गोठलेल्या तळ्यांवर वर्षातील जेमतेम दोन महिने या मुलींना सराव करता येई. जानेवारी २०१८ मध्ये विकनहायझर या माजी हॉकीपटू अँड्र्यू फेरन्स यांच्यासह लेह येथे आल्या. त्यांनी खेळाचे साहित्य आणले आणि मुलींना प्रशिक्षण दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय संघ कॅल्गरी येथील 'विकफेस्ट' या मुलींच्या हॉकी महोत्सवात सहभागी झाला. हा महोत्सव विकनहायझर यांनी २०१० साली सुरू केला आहे.

सन्मान

२०११ साली त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा नागरी सन्मान जाहीर झाला. २०१९ मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, टोरांटो येथील 'हॉकी हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. हा मान मिळालेल्या त्या सातव्या महिला खेळाडू होत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघानेही आपल्या सन्मानयादीत त्यांना स्थान दिले.