पद्मिनीला कुठलं ऑइल घालायचं? डब्यावरच्या अक्षरांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार.

एका श्रोत्याने प्रश्न पाठवलाय. घरी वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, नुकतंच इंजिनकाम केलंय. गॅरेजवाले काका म्हणतात, "२०डब्ल्यू-५० घाला, डोकं लावू नका." ऑइलच्या दुकानातला मुलगा म्हणतो, "साहेब, आता कोण घालतं ते? ०डब्ल्यू-२० फुल सिंथेटिक घ्या, सगळ्यात लेटेस्ट." आता ऐकायचं कोणाचं?

मी मेकॅनिक नाही, कोड लिहितो. पण डब्यावरची ती अक्षरं म्हणजे एक स्पेसिफिकेशन आहे, आणि स्पेसिफिकेशन वाचणं हे माझं रोजचं काम. ते वाचायला बसलो आणि शंभर वर्षांचा इतिहासच हाती लागला.

सुरुवात गाडीपासून करू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये आली फियाट ११०० डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसी. या इंजिनाची वंशावळ थेट १९३७ च्या फियाट ११०० पर्यंत जाते. म्हणजे आपले बाबा जी गाडी ऐंशी-नव्वदच्या दशकात चालवत होते, तिच्या हृदयाचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाआधीचा. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता डबा. त्यावरचा पहिला आकडा म्हणजे दाटपणा. अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ मध्ये ऑइलला दाटपणानुसार नंबर द्यायला सुरुवात केली. त्याआधी 'हलकं', 'मध्यम', 'जड' अशी प्रत्येक कंपनीची आपापली भाषा होती. १९३३ मध्ये '१०डब्ल्यू' आणि '२०डब्ल्यू' आले. हा डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. बर्फाच्या देशात सकाळी ऑइल काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि गाडी सुरूच व्हायची नाही, ती त्यांची अडचण होती. मग पन्नासच्या दशकात मल्टिग्रेड ऑइल रुळलं. २०डब्ल्यू-५० म्हणजे थंड इंजिनात २०डब्ल्यूसारखं वाहणारं आणि तापल्यावर ५० नंबरइतका दाटपणा टिकवणारं.

आकड्यांत सांगायचं तर १०० अंश सेल्सिअसला २० नंबरच्या ऑइलचा दाटपणा ९.३ सेंटिस्टोकपेक्षा कमी असतो आणि ५० नंबरचा किमान १६.३. आजची इंजिनं बारीक फटींची, त्यांना पातळ ऑइल चालतं आणि पेट्रोलही थोडं वाचतं. पद्मिनीच्या बेअरिंगमधल्या फटी जुन्या मापाच्या. उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये, इंजिन तापलेलं असताना तिथे पातळ ऑइल घातलं, तर गाडी न्यूट्रलवर उभी असताना ऑइलचं प्रेशर पडतं. आणि मुंबईच्या जानेवारीसाठी ०डब्ल्यूची गरज कोणाला आहे?

म्हणजे पहिल्या फेरीत काका जिंकले. पण खरी गंमत डब्यावरच्या दुसऱ्या अक्षरांत आहे: एपीआय एसएल, एसएम, एसएन, एसपी.

एपीआय ही अमेरिकेतल्या पेट्रोलियम उद्योगाची संस्था. १९४७ मध्ये तिने ऑइलचे तीनच वर्ग केले होते: रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी. सत्तरच्या दशकापासून एसए, एसबी, एससी अशी अक्षरं रूढ झाली. 'एस'नंतरचं अक्षर जितकं पुढचं, तितकं ऑइल नवं. एसए हे जवळपास काहीच न मिसळलेलं ऑइल, १९३० नंतरच्या बहुतेक गाड्यांना ते घालू नका असं एपीआयच सांगते. आणि नवं ऑइल जुन्या इंजिनाला चालतं असंही एपीआयच म्हणते. आमच्या भाषेत, बॅकवर्ड कम्पॅटिबल.

मग प्रश्न मिटला? नाही ना.

ऑइलमध्ये एक मसाला असतो, झेडडीडीपी. जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचं संयुग. चाळीसच्या दशकात तो ऑइलमध्ये येऊ लागला तो ऑइल खराब होऊ नये आणि बेअरिंगला गंज चढू नये म्हणून. पुढे लक्षात आलं की उष्णता आणि दाब मिळाला की हा पठ्ठ्या लोखंडावर काचेसारखा पातळ थर बसवतो. घासायची वेळ आली की थर झिजतो, खालचा धातू वाचतो, आणि थर पुन्हा बसतो.

पद्मिनीत याची गरज कुठे? कॅम आणि टॅपेटच्या मध्ये. आजच्या कित्येक इंजिनांत कॅमखाली छोटं रोलर फिरतं. पद्मिनीचे टॅपेट सपाट. कॅमचं टोक त्याच्यावर अक्षरशः घासत जातं, आणि सगळा दाब एका बारीक रेषेवर येतो. तिथे ऑइलची फिल्म तुटली की उरतो तो फक्त झेडडीडीपीचा थर.

आणि नेमका हाच मसाला नव्या ऑइलमध्ये कमी केला गेला. का? अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. इंजिन थोडं थोडं ऑइल जाळतंच. त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टरवर जाऊन बसतो आणि त्याला निकामी करतो. म्हणून मर्यादा उतरत गेली: नव्वदच्या दशकात आधी ०.१२ टक्के, मग ०.१० टक्के, आणि २००४ च्या एसएममध्ये ०.०८ टक्के. यात कोणाचा कट नाही. शहरातली हवा स्वच्छ राहावी म्हणून घेतलेला तो शहाणा निर्णय होता.

पण आपल्याकडे कन्व्हर्टर सक्तीचा झाला १ एप्रिल १९९५ पासून, तोही आधी फक्त दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमधल्या नव्या पेट्रोल गाड्यांना. त्याआधीच्या पद्मिनीला कन्व्हर्टरच नाही. म्हणजे जो भाग वाचवायला मसाला कमी केला तो भाग या गाडीत नाही, आणि जो भाग त्या मसाल्यावर जगतो तो आहे.

आता गोष्टीतला ट्विस्ट. ती ०.०८ टक्क्यांची वरची मर्यादा सगळ्या ऑइलना लागू नाही! ती आहे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना, कारण कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्या तीच ऑइल पितात. २०डब्ल्यू-५० वर फक्त खालची मर्यादा आहे, ०.०६ टक्के. म्हणजे त्यात कंपनी जास्त मसाला घालू शकते. घालेलच असं नाही, पण मुभा आहे. काकांनी हे कलम वाचलेलं नसेल, तरी त्यांचा हात बरोबर डब्यावर पडला.

थोडं तारतम्यही ठेवू. इंटरनेटवर 'नव्या ऑइलने कॅम खाल्ला' अशा ज्या कहाण्या फिरतात, त्या बहुतेक अमेरिकन व्ही-एट इंजिनांच्या. त्यांच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक असतात. पद्मिनीच्या तुलनेने मवाळ. आणि तिच्या आराखड्याचं मूळ १९३७ चं, तेव्हा हा मसाला बाजारात नव्हताच! त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण इंजिनकाम झाल्यानंतरचे पहिले काही शे किलोमीटर नाजूक. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांना जुळत असतात, मसाला लागतो तो तेव्हाच.

तर श्रोत्याला माझं उत्तर असं. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या, गाडी कमी तापत असेल तर २०डब्ल्यू-४० सुद्धा चालेल. घेण्याआधी फोनवर त्या ऑइलची डेटा शीट उघडा आणि झिंक, फॉस्फरसचा आकडा शोधा. ०.०८ टक्के म्हणजे ८०० पीपीएम. १००० ते १२०० च्या आसपास दिसला तर उत्तम. वरून झिंकची वेगळी बाटली ओतू नका. मसाला जास्त झाला की भाजी बिघडते, तसंच इथेही आहे. आणि ऑइल किलोमीटर बघून नाही, तर वर्ष बघून बदला. उभ्या गाडीतही ते जुनं होतंच.

एवढी काळजी कशासाठी? ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी दिसत नाही. वीस वर्षांची मुदत संपली आणि रस्ता मोकळा झाला. आता उरल्यात त्या लोकांच्या पार्किंगमध्ये, चादरीखाली. टॅक्सी हजारोंनी होत्या तेव्हा एक कॅम गेला तर दुसरा मिळायचा. पुढे तो शोधत फिरावं लागेल.

दुकानातला मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याचं ऑइल खरंच लेटेस्ट आहे. पण प्रत्येक नवं व्हर्जन कोणाच्या तरी अडचणीवरचं उत्तर असतं. अपडेट दाबण्याआधी एवढंच बघायचं, की ती अडचण आपली आहे का.

भेटू पुढच्या भागात. तोवर डिपस्टिक तपासत राहा!