वड्यातून काय वगळू?

मंडळी, सुट्टीत आलेल्या नातीने "आजी, मी दूध, दही, तूप सोडलंय" म्हणून जाहीर केले आणि मी मनातून खट्टूच झाले. आता हिला माझ्या हातचे घालू तरी काय? शेवटी बटाटेवडे केले. बटाटा, मिरची, आले, बेसन, तेल. वगळायला काही नव्हतेच!

यातला बटाटा आणि मिरची मूळची अमेरिकेतली. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. उत्तरेत 'आलू'च म्हणतात. आमची वसई १५३४ साली त्यांच्याकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. हा परका बटाटा पुढे आपल्या उपासालाही चालू लागला. मग नातीचेच नवे व्रत मला का खुपावे?

तिने चार वडे खाल्ले. असो. आता चहाचे काय करायचे ते बघू!