सात पूर्वजांची वंशावळ

"फेरेट म्हणजे आपलं मुंगूसच ना रे?" आईनं पुण्याहून फोनवर विचारलं. नातीला वाढदिवसाला फेरेट हवाय हे ऐकून ती जरा धास्तावली होती. मुंगूस नव्हे, फेरेट पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसानं तो दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवला, बिळातले ससे हुसकून काढायला. लेकीच्या हट्टापायी मी वाचायला बसलो आणि कळलं, की हे प्रकरण दिसतं तेवढं सोपं नाही. फेरेटला शुद्ध मांसाहार लागतो. माणसाचा फ्लू त्याला होतो, म्हणून घरात कुणी खोकत असेल तर त्यानं लांब राहायचं. मादी माजावर आली आणि नराशी संग झाला नाही, तर माज उतरतच नाही. रक्त कमी होत जाऊन ती दगावूही शकते. म्हणूनच इथे दुकानात बहुतेक फेरेट शस्त्रक्रिया करूनच विकतात. कॅलिफोर्निया आणि हवाईत तर ते पाळायलाच बंदी आहे.

वाचता वाचता मी भलतीकडेच पोचलो: आमच्या डेन्व्हरच्या आसपासच्या माळरानांवर राहणाऱ्या अमेरिकन फेरेटकडे. पाय काळे, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी. हा कधीच पाळीव नव्हता. खातो प्रेरी डॉग नावाची जाडजूड खार, आणि राहतोही तिच्याच बिळात. शेतकऱ्यांनी विष घालून या खारी मारल्या, माळ नांगरले गेले, तसा फेरेटही संपत चालला. आणि मग आला प्लेग.

प्लेग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुणं उभं राहतं. १८९४ साली हाँगकाँग, १८९६ मध्ये मुंबईतली मांडवी, पुढच्या वर्षी पुणे. सावित्रीबाई गेल्या त्या याच साथीत, १० मार्च १८९७ ला. रँडची घरझडती आणि चापेकर बंधूही त्याच वर्षीचे. आमच्या घरी पणजीच्या तोंडी 'प्लेगची साल' हा शब्द कायम असे. पण तीच साथ जहाजांतून १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरली, तिथून रानटी खारींत शिरली आणि हळूहळू पूर्वेकडे सरकली, हे मला इथे वीस वर्षं राहूनही ठाऊक नव्हतं. जंतू तोच, पिसवाही तशाच. प्रेरी डॉगची अख्खी वस्ती काही आठवड्यांत ओस पडते; मागोमाग फेरेटही जातो.

माणसानं त्याला वाचवायचा पहिला प्रयत्न केला तो फार महागात पडला. १९७१ साली साउथ डकोटातून सहा फेरेट पकडून मेरीलँडमधल्या पटक्झंट केंद्रात नेले. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाची जिवंत लस त्यांना टोचली. पाळीव फेरेटला ती लस सोसली होती, म्हणून यांनाही सोसेल असं धरून चालले. सहांपैकी चार त्या लसीनंच मेले. पुढे आणखी काही आणले, पिल्लं झाली पण जगली नाहीत. १९७९ मध्ये बंदिवासातला शेवटचा फेरेट गेला आणि जातच संपली असं सगळ्यांनी मानलं.

तिला परत शोधून काढलं ते एका कुत्र्यानं. सप्टेंबर १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मटीट्सी गावाजवळ हॉग कुटुंबाच्या शेप नावाच्या कुत्र्यानं एक मेलेला प्राणी घरी आणला. घरमालकीण तो पेंढा भरून घ्यायला गेली, आणि पेंढा भरणाऱ्यानं तो ओळखला! शोध घेतल्यावर जवळच शंभरावर फेरेट सापडले. पण १९८५ मध्ये तिथेही डिस्टेंपर आणि प्लेग दोन्ही पोचले. घाईघाईनं सहा पकडून एकाच खोलीत ठेवले. त्यांतल्या काहींना आधीच लागण झालेली होती, सहाही मेले. फेब्रुवारी १९८७ पर्यंत उरलेले सगळे पकडले, तेव्हा मोजून अठरा भरले. त्यांतल्या फक्त सात जणांचा वंश पुढे चालला.

आपली गोत्रंही सप्तर्षींपासूनच सांगतात, पण आपल्याकडे सगोत्र टाळायची सोय आहे. इथे सगळेच एकमेकांचे चुलत-मावस. म्हणून प्रत्येक फेरेटची नोंद एका वंशावळीत ठेवतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांची मला आठवण झाली. ज्यांचं नातं सगळ्यांत लांबचं, त्यांचीच जोडी जमवायची. कळप एका जागी ठेवायचा नाही. व्हर्जिनिया, ओमाहा, पुढे आमच्या कोलोराडोतही तो वाटला. एक साथ आली तर सगळे जायला नकोत. पिल्लांना रानात सोडण्याआधी खऱ्या बिळांत, जिवंत प्रेरी डॉगची शिकार शिकवतात, लसी टोचतात (आता सोसणाऱ्या!). बिळांत पिसवा मारायची पावडर फवारतात, खारींसाठी शेंगदाणा-बटरच्या वासाच्या गोळ्यांतून प्लेगची लस टाकतात. पुण्यात १८९७ मध्ये घरं उपसून धुतली तेव्हा पिसवांचा हात कुणालाच माहीत नव्हता. तो शोध सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं पुढच्या वर्षी लावला.

विला नावाची एक मादी १९८८ मध्ये मेली. पकडलेल्या अठरांतलीच ती, पण तिचा वंश पुढे चाललेला नव्हता. तिच्या पेशी मात्र कुणीतरी दूरदृष्टीनं गोठवून ठेवल्या होत्या. त्यांतून १० डिसेंबर २०२० ला एलिझाबेथ ॲन जन्मली, एका पाळीव फेरेटच्या पोटी. म्हणजे ज्या पाळीव भावंडाच्या भरवशावर ती लस टोचली होती, त्यानंच उसनी कूस दिली. विलाच्याच पेशींतून पुढे अँटोनिया झाली आणि २०२४ मध्ये तिला पिल्लं झाली. तीन झाली, दोन जगली. सात पूर्वजांच्या वंशात आठवं नाव लागायची वाट आता मोकळी झाली आहे.

डेन्व्हरच्या विमानतळाच्या अलीकडेच रॉकी माउंटन आर्सेनल आहे. दुसऱ्या महायुद्धात रासायनिक अस्त्रं बनवायचा कारखाना, आता अभयारण्य. तिथे २०१५ मध्ये फेरेट सोडले. दिवसा जाऊन काही उपयोग नाही, ते बिळात झोपलेले असतात. त्यांची मोजणी रात्री करतात, गाडीतून प्रखर दिवा फिरवत. अंधारात हिरवेगार डोळे चमकले की एक धरायचा.