हळद बसमतची, मंडळ निजामाबादला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सावकाश वाचा.

१४ जानेवारी २०२५ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. मुख्यालय निजामाबाद. त्या दिवशी आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच ओरड होती : राज्यात सगळ्यात जास्त हळद हिंगोली जिल्ह्यात, आणि मंडळ तेलंगणात! मराठवाड्यावर पुन्हा अन्याय! खोटं कशाला बोलू, मी पण तावातावानं दोन ओळी लिहिल्या होत्या. नंतर राग उतरल्यावर जुनं वाचत बसलो, आणि वाटलं की ही गोष्ट २०२५ ची नाहीच. ती शंभर वर्षांपूर्वी सुरू होते.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वसमत आणि निजामाबाद एकाच राज्यात होते, हैदराबाद राज्यात. आपण परभणी जिल्ह्यातला एक तालुका, ते शेजारच्या तेलंगणातला एक जिल्हा. राजा एक, तिजोरी एक. पण पाणी एक नव्हतं. निजाम सरकारनं १९२३ ला मांजरा नदीवर निजामसागरचं काम काढलं आणि १९३१ ला संपवलं. मांजरा आपल्या बीड, लातूरकडून वाहत जाते, पण तिचं पाणी अडलं तिकडे आणि कालवेही तिकडच्या शेतात गेले. पाण्यामागं ऊस आला आणि १९३७ ला बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. बोधन म्हणजे काही लांब नाही, आपल्या बिलोलीच्या पलीकडे. त्या काळात आपल्याकडे काय होतं? ज्वारी, कापूस आणि आभाळाकडं बघणं. रेल्वे होती, पूर्णा-हिंगोली मीटरगेज. तिच्यातून कापूस बाहेर जायचा.

आपल्या वाट्याचं पाणी निजाम गेल्यावर, भाषावार राज्यं झाल्यावर आलं. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं १९६० च्या दशकात बांधली. म्हणजे निजामसागरनंतर तीसेक वर्षांनी. एक अख्खी पिढी. सिद्धेश्वरचा कालवा वसमत तालुक्यात आला तेव्हा इथला माणूस पहिल्यांदा बारमाही शेतकरी झाला. आणि त्यानं केलं काय? जे सगळ्या महाराष्ट्रानं केलं तेच. ऊस लावला.

आता इथं थोडं थांबू, कारण वसमतच्या राजकारणाची किल्ली इथंच आहे. ऊस नुसतं पीक नसतं. पूर्णा सहकारी साखर कारखाना आला म्हणजे सभासद आले, सभासद आले म्हणजे मतदारयादी आली, संचालक मंडळ आलं, निवडणूक आली. उसाला केंद्र सरकार भाव बांधून देतं. आधी किमान वैधानिक किंमत होती, २००९ पासून एफआरपी. पैसे थकले तर मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा हे माहीत असतं. साखरेच्या जोरावर माणसं मोठी झाली. पूर्णाचे जयप्रकाश दांडेगावकर आमदार झाले, पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष झाले. हे टीका म्हणून लिहीत नाही. उसाच्या शेतकऱ्याला दिल्लीपर्यंत आवाज होता, एवढंच सांगायचंय.

मग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेतकरी गुपचूप हळदीकडे वळला. कुणी ठराव केला नाही, कुठल्या नेत्यानं भाषण केलं नाही. येलदरी दरवर्षी भरेना, कालव्याची पाळी वेळेवर येईना, ऊसतोड टोळीची वाट बघून माणूस वैतागला. हळद नऊ महिन्यांत निघते, गादीवाफा आणि ठिबकवर कमी पाण्यात भागते आणि वाळवून ठेवली तर घरात टिकते. काहिलीच्या जागी बॉयलर आले, पॉलिशचे ड्रम आले. कुरुंद्यापासून वसमतपर्यंत फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडी थांबवून नुसता वास घ्या, कळेल.

पण ऊस सोडून हळदीकडे येताना आपल्या हातून एक गोष्ट सुटली आणि ती आपल्याला कळलीच नाही. हळदीला सभासद नाही. हमीभाव नाही. हळदीचं संचालक मंडळ नाही, म्हणून हळदीचा आमदारही नाही. मोंढ्यात बीट सुरू झालं की तुमच्या ढिगाजवळ तुम्ही एकटे. आडत्या, खरेदीदार, हमाल, काट्यावरचा माणूस, सगळे एकमेकांना ओळखतात. तुम्ही वर्षातून दोनदा येता.

आणि बीट सुरू व्हायच्या आधीच भावाचा अंदाज मोबाईलवर आलेला असतो. २००४ पासून हळदीचा वायदेबाजार एनसीडीईएक्सवर चालतो आणि त्याचं मूळ केंद्र कोणतं? निजामाबाद. बघा, पुन्हा तेच गाव.

२०१० ला हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढे गेली होती, आठवतंय? आमच्या घरात त्या वर्षी पहिल्यांदा सोन्याच्या दुकानाचं नाव निघालं. दुसऱ्या वर्षी आमच्यासकट सगळ्या गावानं मिळेल त्या भावात बेणं घेऊन हळद लावली. २०१२ ला भाव चार हजारांच्या आसपास आला. वडिलांनी शेवटची पट्टी घडी करून पोथीत ठेवली, ती अजून तिथंच आहे. बेण्याचा, शिजवण्याचा आणि मजुरीचा हिशोब त्यांनी कधी सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही.

पडलेला भाव निजामाबादलाही तोच होता. पण त्यांनी काय केलं ते बघा. २०१९ च्या लोकसभेला तिथल्या १७० हून जास्त शेतकऱ्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरले. मागण्या दोन, हळदीला मंडळ आणि हळद-ज्वारीला भाव. एकूण १८५ उमेदवार झाले, निवडणूक आयोगाला एकेका केंद्रावर बारा-बारा मतदान यंत्रं जोडावी लागली. तेव्हाच्या खासदार के. कविता, म्हणजे मुख्यमंत्र्यांची मुलगी, पडल्या. भाजपचे धर्मपुरी अरविंद निवडून आले, त्यांनी मंडळ आणीन असं बॉण्डपेपरवर लिहून दिलं होतं. उशीर झाला, लोकांनी त्यांनाही सोडलं नाही, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तेलंगणाच्या विधानसभेच्या तोंडावर पंतप्रधानांनी मंडळाची घोषणा केली. ज्या शेतकऱ्यांनी अर्ज भरले त्यांच्यातला एकही जिंकला नव्हता.

त्याच २०१९ ला हिंगोली लोकसभेत हळद हा मुद्दा किती सभांमध्ये निघाला? तुम्हीच आठवा. मला तरी जात, पक्षफूट आणि कोण कुणाचा माणूस, एवढंच आठवतं.

आता म्हणाल, आपल्यालाही मिळालंच की. मिळालं, मान्य. २०२२ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात वसमतच्या बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्राला १०० कोटी जाहीर झाले, हेमंत पाटलांनी त्यासाठी पाठपुरावा केला. २०२४ ला वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही चांगल्या गोष्टी. पण निजामाबादवाल्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या आणि त्यांना एकच मिळाली. मंडळ आलं, भाव बांधून मिळाला नाही. आणि बोधनचा तो कारखाना, एकेकाळी ज्याचं नाव देशभर होतं, तो २००२ ला खाजगी भागीदाराकडे गेला आणि २०१५ च्या शेवटी बंद पडला. नुसत्या इमारतीनं काही होत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

थोडं जगाकडं बघू. घाना आणि आयव्हरी कोस्ट हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, पण चॉकलेटचा पैसा युरोप-अमेरिकेत राहतो. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही सरकारांनी एकत्र येऊन सांगितलं की टनामागं ४०० डॉलर जास्त द्या, शेतकऱ्यासाठी. सगळं जमलं नाही, खरेदीदारांनी दुसऱ्या वाटा काढल्या. तरी दोन शेजारी एकत्र बसले.

हळदीत भारत त्यांच्यापेक्षा मोठा आहे. २०२२-२३ ला देशात ११.६१ लाख टन हळद झाली, जगाच्या ७५ टक्क्यांहून जास्त. त्यातली निर्यात १.५३ लाख टन, किंमत २०.७ कोटी डॉलर. भागाकार करा, किलोला साधारण ११० रुपये पडतात, आणि यात पावडरही आली. कर्क्युमिन काढून विकणारे कारखाने प्रामुख्याने केरळ, कर्नाटकात. आपल्याकडून पोतं जातं. २०३० पर्यंत १०० कोटी डॉलरच्या निर्यातीचं लक्ष्य सरकारनं सांगितलंय. चांगलं आहे, पण साडेसात पोत्यांतलं एकच बाहेर जातं, बाकीची आपल्याच देशातल्या स्वयंपाकघरात. मोंढ्यातला भाव त्या सहा-साडेसहा पोत्यांवर ठरणार.

म्हणून निजामाबादवर चिडण्यात मला आता राम वाटत नाही. वसमतच्या केंद्राबद्दल मात्र चार प्रश्न विचारावेसे वाटतात. शेतकऱ्याला बीटाच्या आधी आपल्या हळदीतलं कर्क्युमिन तपासून मिळेल का, आणि किती रुपयांत? पडत्या भावात माल ठेवायला गोदाम आणि त्या पावतीवर कर्ज मिळेल का? कंदकूज न लागणारं बेणं गावात कधी पोचेल? आणि त्या केंद्राच्या कारभारात हळद पिकवणारी किती माणसं आहेत, नेमलेली की निवडलेली?

उत्तरं माहीत असतील तर कागदासह टाका. आणि ज्यांच्या घरी २०१० ते २०१२ च्या पट्ट्या सापडतील त्यांनी नाव झाकून फोटो पाठवा. वडिलांची पट्टी मी रविवारी पोथीतून काढतो.