काळी, पांढरी आणि समाधी

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातले भीमेकाठचे गाव. नदीपलीकडे हवेली तालुक्यात वढू खुर्द आहे. 'बुद्रुक' हे फारसी 'बुजुर्ग'चे मराठी रूप, म्हणजे थोरले; 'खुर्द' म्हणजे धाकटे. एका नावाची दोन गावे महसुली दप्तरात वेगळी ओळखता यावीत म्हणून ही विशेषणे लागली. वढू बुद्रुक महाराष्ट्राला माहीत आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी ते मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च रोजी, फाल्गुन अमावास्येला, जवळच भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर येथे औरंगजेबाने त्यांची हत्या करवली. अंत्यसंस्कार वढूत झाले, असे परंपरा सांगते. पुढे समाधीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते मुख्यतः वा. सी. बेंद्रे यांनी. त्यांनी लिहिलेले संभाजीचरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा गावात जमिनीचे दोन इतिहास शेजारी शेजारी चालतात. एक स्मरणाचा, दुसरा मालकीचा. स्मरणस्थळ जपायचे म्हटले की कोणाच्या तरी जमिनीचा प्रश्न येतोच. तो खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर तीन शतकांत पार उलटे झाले आहे.

मराठेशाहीत समाधी, छत्री, देऊळ किंवा मठ यांची पूजा, दिवाबत्ती आणि नैवेद्य चालावा म्हणून इनाम दिले जाई. पुणे जिल्ह्यात चिंचवडच्या देव संस्थानाची इनामे या पद्धतीचा ठळक नमुना आहेत. इनाम म्हणजे शेतकऱ्याची जमीन काढून देवाला देणे, असा सरसकट समज आहे. पुष्कळ ठिकाणी तो चुकीचा ठरतो. जमीन कसणारा, मग तो वंशपरंपरागत हक्काचा मिरासदार असो की तसा हक्क नसलेला उपरी कुणबी, तिथेच राही. सरकारचा जो वसूल असे, तो सरकारऐवजी देवस्थानाकडे जाई. म्हणजे स्मरणाचा खर्च मुख्यतः राजाच्या वाट्यातून होई.

सनदांची भाषा याला साक्ष आहे. जुन्या इनामपत्रांत एक ठरीव कलम येते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसह गाव किंवा जमीन दिली, 'हक्कदार व इनामदार खेरीज करून'. पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड आणि पुरलेले धन, इतके सगळे देऊन झाल्यावर शेवटच्या पाच शब्दांत पूर्वीच्या हक्कदारांचे हक्क बाजूला राखले जात. पाटील, कुलकर्णी, जोशी, महार, चौगुला यांचे वतनी हक्क आणि आधीच्या इनामदारांची जमीन नव्या सनदेने बुडत नसे. मालकाच्या हक्काचे संरक्षण म्हणून या पाच शब्दांकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. ते पाहायला हवे.

स्मरणाला जमीन जोडण्याची हीच रीत कंपनी सरकारने वढूच्या शेजारी वापरली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईचा स्तंभ नदीच्या पेरणे बाजूला आहे. त्याची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. लढाईत जखमी झालेले जमादार खंडोजी माळवदकर यांना १८२४ मध्ये स्तंभाच्या देखभालीसाठी नेमण्यात आले आणि त्याबद्दल जमीन देण्यात आली. पेशवाई बुडवणाऱ्यांनी स्मारक राखण्याची पद्धत मात्र पेशवाईचीच ठेवली. या जमिनीचे वाद पुढे न्यायालयापर्यंत गेले.

ही घडी मोडली ती कागदामुळे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि प्रत्येक इनामदाराला सनद दाखवायला सांगण्यात आले. ज्यांच्याकडे पिढीजात वहिवाट होती पण कागद वाळवीने खाल्लेला होता, त्यांची इनामे सरकारजमा झाली. असंतोष वाढल्यावर १८६३ मध्ये तडजोडीचे कायदे आले. ठरलेली जुडी, म्हणजे इनामावरचा हलका सारा, भरणाऱ्याची चौकशी थांबली. १८७८ च्या निखात निधी कायद्याने सनदेतला 'निधिनिक्षेप'ही मालकाच्या हातून निसटला. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक झाले. जमीन मालकाची राहिली. तिच्या पोटातल्या इतिहासावर मात्र सरकारचा हक्क आला.

स्वातंत्र्यानंतर व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने आणि कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली. देवस्थान इनामे, म्हणजे वर्ग ३ ची इनामे, मात्र टिकली. अशा जमिनीचा सातबारा हातात घेतला तर गोष्ट एका पानात दिसते. भोगवटादाराच्या जागी देवाचे नाव असते, वहिवाटदार किंवा पुजारी 'इतर अधिकार' या रकान्यात येतो, आणि सरकारच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. पुजारी हा व्यवस्थापक असतो, मालक देव असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. पुजाऱ्याच्या घरातली चौथी पिढी ते शेत कसत असते आणि बँक त्यावर कर्ज देत नाही.

स्मारकांचा स्वतंत्र कायदा लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये झाला. त्यात सरकार मालकाशी करार करी, मालक पालकत्व सरकारला देई आणि दुरुस्ती सरकार करी. जिथे वेळोवेळी धार्मिक विधी होतात ते स्मारक सक्तीने विकत घेता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. परक्या सरकारला भावना दुखावण्याची भीती होती. कारण काहीही असो, मालकाला एक भक्कम आडोसा मिळाला. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके आली आणि महाराष्ट्राने १९६० चा आपला कायदा केला. करार आणि पालकत्व राहिले, स्मारक नष्ट होण्याची भीती असल्यास संपादनाचा अधिकारही राहिला. पूजेची जागा असेल तर तिच्या स्वरूपाला विसंगत वापर होऊ नये, हे केंद्रीय कायद्यातले कलम वढूसारख्या नांदत्या ठिकाणांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. समाधीवर फुले वाहिली जातात, अमावास्येला लोक लोटतात. ती संग्रहालयातली वस्तू नव्हे.

इथवर प्रश्न स्मारकाचा होता. खरी अडचण स्मारकाच्या भोवतालची. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. २०१० च्या दुरुस्तीने तेच कायद्यात घालून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमले. बंदी मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या पट्ट्यात जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, नवे घर बांधता येत नाही.

याचा अर्थ पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास दिसतो. १७३० मध्ये पाया घातलेल्या आणि १८२८ च्या आगीत आतून भस्मसात झालेल्या या वाड्याची तटबंदी भक्कम उभी आहे. तिच्या सावलीतले खासगी वाडे मात्र पडायला आले आहेत. मातीच्या भिंती, सागवानी खांब, पोटमाळ्यावर ओल, तळमजल्यावर जुन्या भाड्याचे भाडेकरू. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात छपराची कौलेही बदलत नाहीत, आणि पुनर्विकास करावा तर १०० मीटरची रेघ आडवी येते. तटापासून ९५ मीटरवरचे घर आणि १०५ मीटरवरचे घर एकाच वयाचे असले तरी त्यांची भवितव्ये वेगळी. जमीन संपादित झाली तर मोबदला आहे: २०१३ च्या कायद्यानुसार ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ चा गुणक आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम. पण जमीन मालकाकडेच ठेवून नुसता तिचा वापर रोखला, तर त्या नुकसानीची भरपाई ठरवणारी तरतूद २०१० च्या दुरुस्तीत नाही. जमीन गेली तर पैसे, जमीन अडली तर काही नाही. या कायद्यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे, आणि जुने वाडे वाचवण्याऐवजी त्यांना कोसळू देण्याचा मोह त्यातूनच निर्माण होतो.

शहरी कायद्याने यावर एक उपाय शोधला. १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. इमारतींना श्रेणी मिळाल्या, शिवाय अख्ख्या परिसरालाही वारशाचा दर्जा देता येऊ लागला. ज्या मालकाला वारशामुळे चटईक्षेत्र वापरता येत नाही त्याला ते हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून अन्यत्र विकण्याची मुभा मिळाली. हीच सनदेतल्या 'हक्कदार खेरीज करून'ची नवी आवृत्ती म्हणता येईल. तरीही २०१२ मध्ये ९०० हून अधिक नव्या जागांची यादी जाहीर झाली तेव्हा शिवाजी पार्क आणि दादर-माटुंग्याच्या वसाहतींतून हरकतींचा पाऊस पडला. आपल्या गल्लीचे जुनेपण रहिवाशांना आवडत होतेच. तक्रार होती ती आपल्याला न विचारता यादी आल्याची. दिनेश अफझलपूरकर यांच्या समितीपुढे या हरकतींची सुनावणी झाली.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. चार्ल्सटन शहराने १९३१ मध्येच ऐतिहासिक परिसर आखला. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात, मालकाला जागेचा वाजवी उपयोग उरत असेल तर निर्बंध म्हणजे मालमत्ता हिरावणे नव्हे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी भारतात ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला. अनुच्छेद ३०० अ नुसार तो कायद्याने दिलेला, पण घटनेने राखलेला हक्क म्हणून राहिला. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके जपणे हे अनुच्छेद ४९ नुसार राज्याचे कर्तव्य आहे. या दोन अनुच्छेदांमधल्या जागेतच गावातला मालक उभा असतो.

वढूला मार्ग वेगळा मिळाला, अर्थसंकल्पाचा. २०२२-२३ च्या राज्य अर्थसंकल्पात वढू आणि तुळापूर येथील स्मारकासाठी २५० कोटी रुपयांची घोषणा झाली. अर्थसंकल्प मांडला गेला तो दिवसही ११ मार्चच होता. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव हा पट्टा कारखान्यांनी भरला आहे आणि इथल्या जमिनीचा भाव पुण्याच्या वाढीबरोबर चढत गेला आहे. अशा भागात स्मारकाचा आराखडा आला की वाहनतळ, रस्ता, मोकळी जागा या प्रत्येकाला गट नंबर लागतो.

आणि जागेइतकाच प्रश्न फलकाचा असतो. वढूत गोविंद गोपाळ यांचीही समाधी आहे. संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार त्यांनी केले अशी एक परंपरा आहे, शिवले घराण्याचे नाव घेणारी दुसरी. डिसेंबर २०१७ मध्ये याच समाधीजवळच्या फलकावरून गावात तणाव झाला. १ जानेवारी २०१८ रोजी परिसरात हिंसाचार उसळला आणि सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. एखादी जागा ऐतिहासिक ठरवताना ती कोणाच्या नावाने ठरवायची, याचाही हक्क लोक मालकीहक्काइतक्याच तीव्रतेने मागतात. सातबाऱ्यात या हक्काला रकाना नाही.

मालकाची बाजू शेवटी कागदावर ठरते. गावची काळी, म्हणजे शेतजमीन, सातबाऱ्यावर मोजलेली आहे. पांढरी, म्हणजे गावठाण, मात्र बऱ्याच गावांत पिढ्यान्पिढ्या बिनमोजणीची राहिली. घराला पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. समाध्या, जुनी देवळे आणि वाडे बहुधा पांढरीतच असतात. त्यामुळे ऐतिहासिक परिसराची रेघ पडते ती नेमकी ज्यांचा कागद कच्चा त्यांच्या दारावरून. ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे आधी झाला. २०२० पासून तो स्वामित्व योजना म्हणून देशभर गेला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इनाम कमिशनपुढे ज्यांच्याजवळ सनद नव्हती ते हरले होते, हे ज्या घराण्यांना आठवते त्यांना या पत्रिकेची किंमत सांगावी लागत नाही.

एखादे स्मारक संरक्षित करायचे ठरले की सरकार आधी आपला इरादा राजपत्रात जाहीर करते आणि अधिसूचनेची प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावते. ज्याचा हितसंबंध असेल त्याला लेखी हरकत घेता येते. तिची मुदत दोन महिने असते आणि ती अधिसूचना निघाल्यापासून मोजली जाते, भिंतीवरची प्रत मालकाच्या नजरेस पडल्यापासून नव्हे.