तेरावा महिना आणि गिरणीचा बोनस

दिवाळी तोंडावर आली की एक मजकूर दरवर्षी माझ्याकडे येतो. पूर्वी म्हणे कामगारांना आठवड्याचा पगार मिळे. इंग्रजांनी तो महिन्यावर नेला. बावन्न आठवड्यांचे चार-चार करून तेरा महिने होतात, पगार मात्र बाराच. तो बुडालेला महिना पुढे दिवाळी बोनस म्हणून परत मिळाला. हिशेब सुबक आहे. मुंबईच्या गिरण्यांपुरता तरी तो खरा नाही.

इथे बोनस सुरू होण्याच्या आधीपासून पगार महिन्याचाच होता, आणि तोही पुढचा महिना अर्धा सरल्यावर हाती पडे. तोवर वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज.

बोनस आला पहिल्या महायुद्धाच्या नफ्यातून. महागाईने कामगार पिचला होता, गिरण्या मात्र अमाप कमावत होत्या. १९१९ ते १९२२ या वर्षांसाठी एकेका महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळाला; तो दिवाळीला नव्हे, जानेवारीच्या सुमारास. १९२३चा बोनस मालकांनी नाकारला. १९२४च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. तिचा निष्कर्ष मला आजही बोचतो: या बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कोणताच हक्क नाही. मार्चमध्ये संप रिकाम्या हाताने मिटला. सलग चार वर्षे जे दिले, ते मालकाची मर्जी ठरले.

ही मर्जी मोडायला चार दशके लागली. १९५० मध्ये गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात लेबर अपेलेट ट्रायब्यूनलने सूत्र घालून दिले: घसारा, यंत्रांचे नूतनीकरण, भांडवलावरचा परतावा हे सारे वजा जाता उरेल त्यात कामगाराचा वाटा. (मालकांचा हिशेबनीस तरबेज असला तर फारसे उरत नसे.) १९६५च्या कायद्याने मात्र तोटा झाला तरी किमान ४ टक्के बोनस बंधनकारक केला. पुढे ते ८.३३ टक्के झाले. शंभराला बाराने भागून पाहा: १९२४ मध्ये नाकारलेला तो एक महिनाच. आणीबाणीत, १९७५ मध्ये, तो पुन्हा खाली आणला गेला. १९७७ मध्ये परत मिळाला.

आणि दिवाळीच का? हिशेबाचे वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत बोनस द्यावा, असे कायदा सांगतो. मार्चअखेर धरली तर मुदत नोव्हेंबरअखेरीपर्यंत जाते. मध्ये दिवाळी येतेच.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असला तरच काम. बोनसला पात्र ठरायला वर्षात निदान तीस दिवस भरावे लागत. आमच्या खोलीतल्या कॅलेंडरवर ते भरलेल्या पाळीला पेन्सिलीने टिंब करीत. तिसावे टिंब पडले त्या संध्याकाळी आई फराळाच्या सामानाची यादी करायला बसे.